आधी बल्ब, मग रेडिओ

जुना रेडिओ घरात असला की तो एकदा तरी लावून पाहावा असे कुणालाही वाटते. मलाही वाटले. २०१८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. आईने बरेच दिवस लावून धरले होते म्हणून मी माळ्यावरचा रेडिओ खाली काढला, कोरड्या फडक्याने पुसला, वायरची दोन टोके एका जुन्या टू-पिनमध्ये पिळून घातली आणि बटण दाबले. त्यानंतरचे मिनिटभर मी विसरू शकत नाही. त्या मिनिटात माझी पाच वर्षांची मुलगी जिवानिशी गेली असती. ती वाचली याचे श्रेय मला नाही. ती तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती, एवढेच.

हा रेडिओ आजोबांनी १९६६ साली हप्त्याने घेतला. ते गिरणीत साचेखात्यात होते. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो फळीवर ठेवलेला असे आणि त्यावर आजीने विणलेला रुमाल. त्या काळी रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीत पैसे भरून लायसन्स काढावे लागे. त्याचे पुस्तक आईने अजून जपून ठेवले आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपात घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून गेली, सायकल गेली, रेडिओ मात्र राहिला. तो गेला नाही याचे कारण कुणी घेतला नाही हे! तोपर्यंत लोक ट्रान्झिस्टरकडे वळले होते. पुढे वडील गेले, आम्ही उपनगरात राहायला आलो, आणि रेडिओ माळ्यावर गेला तो वीस-बावीस वर्षे तिथेच होता.

रेडिओच्या दोन मुठींपैकी एक हरवली होती. आवाज कमी-जास्त करायच्या जागी नुसता लोखंडी दांडा बाहेर आलेला होता. मुलगी सकाळपासून तोच दांडा फिरवत बसली होती. मी बटण दाबले तेव्हा आतला छोटा दिवा लागला, केंद्रांची नावे लिहिलेली काच उजळली. आई म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?" अर्धा मिनिट काहीच आवाज नाही. मग गुरगुर सुरू झाली. ती वाढत गेली, पाठोपाठ करपट वास आला आणि फट् करून आवाज झाला. मागच्या पुठ्ठ्यातून पांढरा धूर निघाला. मी वायर ओढली. पुठ्ठा एका बाजूने काळा पडला होता.

घरातला फ्यूज मात्र शाबूत. मला त्याचेच नवल वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विजेबद्दल माझे ज्ञान म्हणजे फ्यूज उडाला की तार घालायची, इतपतच.

काकांचा बोर्ड

आमच्या वस्तीत एक वयस्कर मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. १९८२ पर्यंत ते गिरणीत बदली कामगार होते. संपात हात रिकामे झाले तेव्हा रात्रीच्या वर्गाला जाऊन रेडिओ-टीव्हीचे काम शिकले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झाले, नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झाले, घरोघर टीव्ही येऊ लागले आणि टीव्ही दुरुस्तीला दिवस बरे आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी रेडिओ गोणपाटात गुंडाळून त्यांच्याकडे नेला.

"जयभीम काका. हा बघा, काल धूर आला यातून."

"जयभीम. डायरेक्ट लावला ना?"

"डायरेक्ट म्हणजे?"

काकांनी उत्तर दिले नाही. भिंतीवरच्या लाकडी बोर्डाकडे बोट केले. बोर्डावर एक शंभर वॅटचा पिवळा बल्ब, एक स्विच, एक सॉकेट. बस्स. मी त्या दुकानात शंभर वेळा गेलो असेन, तो बल्ब उजेडासाठीच आहे असे समजत होतो. त्यांनी माझा रेडिओ त्या सॉकेटात लावला. बल्ब किंचित भपकला आणि मंद तांबूस झाला. काका घड्याळाकडे बघत बसले. पाव मिनिट, अर्धा मिनिट. मग तो बल्ब हळूहळू वर चढू लागला, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा, आणि जवळजवळ पूर्ण पेटला. काकांनी स्विच बंद केला.

"हे काल दिसलं असतं," ते म्हणाले. "पंधरा रुपयाचा बल्ब असता तर पुठ्ठा जळाला नसता."

मग त्यांनी पुन्हा स्विच लावला, टेस्टर घेतला आणि माझी मुलगी फिरवत होती त्या उघड्या दांड्याला टेकवला. टेस्टर लागला. त्यांनी प्लग काढून उलटा फिरवून लावला, टेस्टर विझला. "काल कसा लावला होता?" त्यांनी विचारले. मला आठवेना. प्लगला वर-खाली अशी खूणच नव्हती. म्हणजे माझ्या मुलीचा जीव नाणेफेकीवर होता.

वाचकहो, या जागी मी खाली बसलो. काकांनी चहा मागवला.

दांड्यात वीज कुठून आली?

ही गोष्ट ज्यांच्या घरी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आहेत त्यांनी नीट समजून घ्यावी. त्या काळी आपल्या देशात काही ठिकाणी ए.सी. तर काही ठिकाणी डी.सी. वीज मिळत असे. ट्रान्सफॉर्मर फक्त ए.सी.वर चालतो. त्यामुळे दोन्हीकडे चालावेत म्हणून पुष्कळ रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय बनवले जात, त्यात खर्चही वाचे. त्यांना ए.सी./डी.सी. सेट म्हणतात. अशा सेटमध्ये विजेची एक वायर थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चासीला जोडलेली असते. प्लग एका बाजूने लावला तर चासीवर न्यूट्रल येतो, दुसऱ्या बाजूने लावला तर पूर्ण २३० व्होल्टचा फेज. काही सेटमध्ये तर बटण बंद असले तरी चासीवर वीज राहते. लाकडी कपाट, मागचा पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या मुठी हेच आपले संरक्षण. मूठ हरवली की संरक्षण गेले. मूठ घट्ट करायचा बारीक स्क्रू असतो ना, तोही आतल्या दांड्याला टेकलेला असतो. म्हणून कंपनीत त्यावर मेण भरत. आपण मेण खरवडून काढतो, मूठ पुसायला!

सेट कोणत्या जातीचा आहे हे ओळखायची एक खूण काकांनी सांगितली. आतल्या व्हॉल्व्हवर नंबर असतो. तो 'यू'ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५, तर या व्हॉल्व्हचे तापणारे तंतू एकामागोमाग एक जोडून थेट मेनवर चालवतात. असा सेट बहुधा ए.सी./डी.सी.च समजावा. नंबर 'ई'ने सुरू होत असेल, ईसीएच ८१, ईएल ८४ असा, तर तंतूला ६.३ व्होल्ट लागतात आणि बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही असे व्हॉल्व्ह पुष्कळ बनवले. नंबर वाचायचा तो अर्थातच प्लग भिंतीतून पूर्ण काढून.

आता धुराचे. रेडिओत फिल्टर कंडेन्सर नावाच्या पत्र्याच्या नळ्या असतात. आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला आणि त्या पत्र्यावर त्याहून कितीतरी पातळ असा ऑक्साइडचा थर. हा थर म्हणजेच इन्सुलेशन. रेडिओ रोज चालू राहिला तर विजेच्या दाबानेच तो थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे पडून राहिला की थर विरतो. मग एकदम पूर्ण दाब दिला की कंडेन्सर गळू लागतो, तापतो, आतल्या ओलाव्याचा वायू होतो आणि फुटतो. माझ्या रेडिओत अर्धा मिनिट शांततेत गेले ते यामुळे की वीज एकदिशा करणारा व्हॉल्व्ह तापायलाच तेवढा वेळ लागतो. तो तापला तेव्हा कंडेन्सरवर दाब आला. मेणाचे कागदी कंडेन्सर असतात तेही असेच गळके झालेले असतात. वायरचे रबर तडकलेले असते, उंदराने कुरतडलेले असते. या सगळ्यात रेडिओ बनवणाऱ्या कंपनीचा दोष काहीच नाही, पन्नास वर्षे कुणी कुणाला हमी देत नाही.

आणि फ्यूज का उडाला नाही? याचा हिशोब मी स्वतः केला, तो काकांनी तपासून दिला. धडधाकट अवस्थेत असा रेडिओ साधारण ०.२ अँपिअर वीज घेतो. आत बिघाड होऊन त्याने दसपट, म्हणजे २ अँपिअर घेतली तरी घरातला ५ अँपिअरचा फ्यूज स्वस्थ बसून राहतो. त्याच्या लेखी २ अँपिअर म्हणजे काहीच नाही. पण लाकडी खोक्यात २ अँपिअर म्हणजे शेगडीच की! घरचा फ्यूज भिंतीतल्या वायरिंगच्या रक्षणासाठी असतो, आपल्या रेडिओच्या नव्हे. त्यातून आपल्याकडे फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालायची पद्धत आहे, ती तर वेगळीच कथा.

बल्ब काय करतो?

बल्ब रेडिओच्या वाटेत, म्हणजे सिरीजमध्ये असतो. रेडिओकडे जाणारी सगळी वीज आधी बल्बातून जाते. शंभर वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर ०.४३ अँपिअर घेतो. म्हणून रेडिओत पूर्ण शॉर्ट झाला तरी त्या वाटेने ०.४३ पेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही. बल्ब पूर्ण पेटेल, एवढेच. साठ वॅटचा बल्ब लावला तर ०.२६, चाळीसचा लावला तर ०.१७.

एक गंमत सांगतो. २३० व्होल्ट आणि १०० वॅट यावरून गणित केले तर बल्बाचा रोध ५२९ ओहम निघतो. मी काकांच्या मीटरने थंड बल्ब मोजला तर चाळीसच्याही आत. ऑफिसात खतावणी आणि रोकडवहीत एवढा फरक निघाला असता तर माझी नोकरी गेली असती. तीनदा मोजले. शेवटी काकांनी सांगितले की टंगस्टनची तार थंड असताना वीज सहज जाऊ देते, तापली की अडवते. दहापटीहून जास्त फरक पडतो. म्हणून तर हा बल्ब कामाचा. रेडिओ बरा असेल आणि वीज थोडीच घेत असेल तर बल्ब मंद राहतो आणि रेडिओला पुरेसा दाब मिळू देतो. रेडिओने जास्त ओढायला सुरुवात केली की बल्ब तापतो आणि स्वतःच वाट अडवतो. हे काम एलईडी बल्ब किंवा सीएफएल करीत नाही, कारण त्यांच्या आत तारच नाही, वेगळीच सर्किटे आहेत. तेव्हा तारेचाच जुना पिवळा बल्ब हवा. हल्ली तो प्रत्येक दुकानात मिळत नाही, दोन-तीन जादा घेऊन ठेवावेत.

बोर्ड कसा बनवायचा

२०१८ च्या जूनमध्ये मी काकांच्या देखरेखीखाली पहिला बोर्ड बनवला. खर्च वहीत आहे: बल्ब १५, बॅटन होल्डर २५, स्विच २५, थ्री-पिन सॉकेट ५०, थ्री-पिन प्लग ४०, किटकॅट फ्यूज ३०, तीन तारांची एक चौरस मिलिमीटरची वायर तीन मीटर ८०, लाकडी पेटी ६०. एकूण ३२५ रुपये. आज भाव वेगळे असतील, पण एक कंडेन्सर फुटून जळणाऱ्या सामानापेक्षा स्वस्तच.

जोडणी अशी. प्लगमधून तीन तारा येतात. तपकिरी किंवा लाल फेजची, निळी किंवा काळी न्यूट्रलची, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची. न्यूट्रल सरळ सॉकेटच्या न्यूट्रलला. अर्थिंग सरळ सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला. फेज मात्र फिरून जाते: आधी फ्यूज, मग स्विच, मग होल्डरचा एक स्क्रू, होल्डरच्या दुसऱ्या स्क्रूपासून निघून सॉकेटच्या फेजला. अर्थिंगचे भोक वर ठेवून सॉकेटकडे समोरून पाहिले तर फेज उजव्या हाताला येते, न्यूट्रल डाव्या हाताला. स्विच होल्डरच्या आधी यासाठी की बल्ब बदलताना होल्डरमध्ये वीज राहू नये. तरी बल्ब बदलताना प्लग काढायचाच.

मी विचारले, बल्ब न्यूट्रलच्या वाटेत घातला तर काय बिघडते, वीज तर दोन्हीतून सारखीच जाते? काका खूश झाले. म्हणाले, हा प्रश्न विचारणारा तू दुसरा. उत्तर असे: समजा इस्त्रीत फेजची तार सुटून लोखंडी अंगाला लागली. मग वीज न्यूट्रलने परत न येता अर्थिंगने जाते. बल्ब न्यूट्रलमध्ये असेल तर त्याला बगल देऊन पूर्ण वीज वाहील, आणि बल्ब बापडा विझलेला राहील. फेजमध्ये असेल तर दोन्ही वाटांवर त्याचा पहारा राहतो. पण यासाठी भिंतीतल्या सॉकेटातही फेज उजवीकडेच आहे ना, हे टेस्टरने पाहून घ्यावे. आमच्या खोलीत तीनपैकी एक सॉकेट उलटा निघाला.

तारांची टोके सोलताना एकही बारीक केस बाहेर राहू देऊ नये. पेटी पूर्ण झाकलेली असावी, उघडा स्क्रू कुठेही दिसता कामा नये. शंभर वॅटचा बल्ब चांगलाच तापतो, तो पडद्यापासून, कागदापासून दूर. घरची वायरिंग करणारा माहीतगार माणूस जवळ असल्याशिवाय पहिला बोर्ड बनवू नये, आणि बनवल्यावर त्याला दाखवल्याशिवाय लावू नये.

बोर्ड तपासायचा कसा? सॉकेटात काहीच नसताना स्विच लावला तर बल्ब लागता कामा नये. लागला तर जोडणी चुकली. मग एक साधा टेबललॅम्प घेऊन त्यातही शंभरचाच तारेचा बल्ब घालून सॉकेटात लावावा. दोन्ही बल्ब सारखेच, मंद नारिंगी लागले पाहिजेत, कारण २३० व्होल्ट दोघांत वाटून प्रत्येकाला ११५ आले. सॉकेटाच्या भोकांत तार खुपसून 'शॉर्ट करून बघू' हा उद्योग मुळीच करू नये. आमच्याकडे एका पोराने केला, त्याचे पुढे सांगतो.

बल्बाची भाषा

ती वाचायला दोन-चार वेळा पाहावे लागते. जुना रेडिओ लावला की पहिल्या क्षणी बल्ब भपकतो, कारण व्हॉल्व्हचे तंतूही थंड असताना जास्त वीज घेतात. मग तो मंद होतो. अर्ध्या मिनिटाने थोडा वर येतो आणि तिथे थांबतो. हे सुदृढ लक्षण. वर चढतच राहिला तर कंडेन्सर गेला, लगेच बंद. सुरुवातीपासूनच पूर्ण पेटला तर शॉर्ट. ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल, त्यातले सगळे व्हॉल्व्ह काढले तरी बल्ब जोरात पेटत असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळालेला असण्याचा संभव मोठा. अजिबात लागला नाही तर वायर, स्विच किंवा तंतू कुठेतरी तुटलेला. छोट्या रेडिओला चाळीस किंवा साठचा बल्ब, मोठ्याला शंभरचा. बल्ब लहान असेल तर रेडिओला दाब कमी पडून तो बोलणारच नाही, त्याचा अर्थ तो बिघडला असा नव्हे.

सगळ्याच वस्तूंना हे माप लागू पडत नाही. ७५० वॅटची इस्त्री लावली तर बल्ब जवळपास पूर्ण पेटतो, इस्त्री मात्र चांगली असते. तिचा रोध सत्तर ओहम, बल्बाचा पाचशे. दोनशेच्या आसपास व्होल्ट बल्बच घेऊन टाकतो. म्हणजे जड वस्तू आणि शॉर्ट यातला फरक शंभरच्या बल्बाला कळत नाही. नंतरच्या काळातल्या टीव्हींत, चार्जरमध्ये वेगळ्या तऱ्हेचा वीजपुरवठा असतो. ते सिरीजवर लुकलुकतात, सुरूच होत नाहीत. त्यावरून ते फेकून देऊ नयेत. काच फुगीर असलेला जुना रंगीत टीव्ही सुरुवातीला बल्ब एकदम पेटवतो आणि मग उतरतो, तेही नेहमीचेच.

या बल्बाने माणूस वाचत नाही

हे मी मुद्दाम ठळक लिहायला सांगितले आहे. बोर्ड बनवल्यावर आमच्या अभ्यासिकेतली मुले म्हणू लागली, आता शॉक लागत नाही, बल्ब आहे ना. ही समजूत प्राणघातक आहे. बल्ब ०.४३ अँपिअरपर्यंत वीज जाऊ देतो. माणसाला ०.०३ अँपिअर म्हणजे तीस मिलिअँपिअरही धोक्याचे. हिशोब करा, चौदापट! माणूस चिकटला तरी बल्ब लागणारसुद्धा नाही, तेवढ्याशा विजेने त्याची तार तापतच नाही. बोर्ड रेडिओला वाचवतो, घराला आगीपासून पुष्कळ अंशी वाचवतो, आपल्याला नाही.

आपल्यासाठी वेगळी साधने आहेत. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी मुख्य बोर्डात बसवून घेतला तर शरीरातून जमिनीकडे वीज जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्यालाही कळत नाही. ए.सी./डी.सी. सेटवर काम करणारे मेकॅनिक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरतात. अशा सेटच्या चासीला अर्थिंग कधीच जोडू नये. प्लग उलटा लागला तर सरळ शॉर्ट होईल. आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहतात, हे कित्येकांना ठाऊक नसते. म्हणून घरच्यांनी एवढेच करावे: मागचा पुठ्ठा लावलेला, दोन्ही मुठी जागेवर, पोरेबाळे दूर, आणि रेडिओ आधी बोर्डावर. पुठ्ठा उघडायचे काम मेकॅनिकचे.

आता त्या पोराचे. अभ्यासिकेत आम्ही त्या पावसाळ्यात सहा बोर्ड बनवले. आयटीआयला वायरमनच्या वर्गात असलेला एक मुलगा पुढाकार घेत होता. त्याचा धाकटा भाऊ, नववीतला, याने मोठ्यांची पाठ वळलेली पाहून सॉकेटात तारेचा तुकडा घातला. बल्ब लख्ख पेटला आणि पोरगा घाबरून मागे पडला. तार सोललेली होती ती फक्त टोकाला, म्हणून वाचला. मी त्याला खूप बोललो. घरी आल्यावर मला माझा मे महिन्यातला रविवार आठवला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला शेजारी बसवून घेतले. हल्ली वस्तीत कुणी जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर, टेबलफॅन आणला की याच्याकडे घेऊन जातात. चोरबाजारातल्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या वस्तूला विकणारा सांगतो, 'चालू आहे, घरी लावून बघा.' घरी म्हणजे आधी याच्या बोर्डावर.

आमच्या रेडिओला तीन आठवडे लागले. काकांनी फिल्टर कंडेन्सर नवे घातले, मेणाचे सगळे काढले, वायर बदलली. जळालेला यूवाय ८५ व्हॉल्व्ह त्यांच्या जुन्या डब्यात निघाला. मुठीची जोडी दुसऱ्याच कुठल्या सेटची आहे, रंग जुळत नाही, पण स्क्रूवर मेण भरलेले आहे. जूनच्या शेवटच्या रविवारी काका स्वतः घरी आले. मी बनवलेला बोर्ड टेबलावर ठेवला, प्लगवर फेजच्या बाजूला त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला आणि स्विच मला लावायला सांगितला.

बल्ब भपकला, मंद झाला. मी घड्याळ पाहत होतो. मुलगी तिच्या आईच्या मांडीवर घट्ट धरलेली. अर्ध्या मिनिटाने बल्ब थोडा वर आला. मी श्वास धरून बसलो. तो तिथेच थांबला. खरखर झाली, काकांनी मूठ फिरवली आणि मीडियम वेव्हवर एक मराठी आवाज आला, लांबून आल्यासारखा, पण स्पष्ट.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिचे लक्ष बोर्डाकडे गेले.

"दिवसाढवळ्या बल्ब कशाला जाळताय रे? बिल येईल."

"आई, तो बंद केला तर रेडिओ बंद होईल."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि रेडिओवर टाकायला आजीचा रुमाल शोधू लागली. काकांनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "वहिनी, मागे हवा लागते याला. रुमाल नको."